विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही : त्सुमागोच्या रहिवाशांनी जपलेली वस्ती

१९७१ साली जपानच्या नागानो प्रांतातील त्सुमागो या डोंगराळ गावाच्या रहिवाशांनी एक सनद स्वीकारली. तिच्या गाभ्याशी तीन नकार होते : आपली घरे, जमीन आणि भोवतालची वनसंपदा विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि पाडायची नाही. कोणत्याही सरकारी खात्याने ही सनद त्यांच्याकडून मागितलेली नव्हती. सर्वसामान्य घरांची सबंध वस्ती वस्ती म्हणूनच संरक्षित करण्याची तरतूद जपानच्या राष्ट्रीय कायद्यात तोवर आलेलीही नव्हती. ज्यांच्या हाती विकण्याजोगे घराखेरीज फारसे काही नव्हते, अशा लोकांनी नेमके तेच विकण्याचा हक्क आपण होऊन बाजूला ठेवला. हा निर्णय त्यांनी का घेतला, तो कसा पाळला आणि त्यातून गावाला स्वतःची कोणती ओळख मिळाली, हा या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे.

वारसा जतनाविषयी बोलताना आपण बहुधा वास्तूंविषयी बोलतो : कोणती इमारत किती जुनी, तिची शैली कोणती, दुरुस्ती कोणत्या पद्धतीने झाली. त्सुमागोत या गोष्टींना महत्त्व आहेच. तरीही माझ्या मते या गावाची खरी कमाई निर्णय घेण्याच्या पद्धतीत आहे, आणि गावाची ओळख घडली तीही मुख्यतः त्या पद्धतीतून.

टप्प्याचे गाव आणि त्याची उतरती कळा

सतराव्या शतकाच्या प्रारंभी तोकुगावा राजवटीने एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणारे राजमार्ग नियमबद्ध केले. त्यांपैकी डोंगरांतून जाणारा मार्ग म्हणजे नाकासेन्दो. सुमारे ५३० किलोमीटरच्या या मार्गावर मुक्कामाची ६९ ठाणी होती आणि त्सुमागो हे एदोकडून मोजत गेल्यास ४२ वे. प्रवाशांना आसरा देणे, घोडे आणि हमाल पुरवणे, सरकारी सामान आणि टपाल पुढच्या ठाण्यापर्यंत पोहोचवणे ही या गावांची कामे असत. सरदार आणि दरबारी अधिकारी उतरत ते मुख्य मुक्कामघर म्हणजे होन्जिन. त्याच्या जोडीला दुय्यम मुक्कामघर असे, त्याला वाकिहोन्जिन म्हणत. सामान्य प्रवासी साध्या सरायांत उतरत. १८६१ साली राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे तोकुगावा राजवटीच्या लष्करी शासनप्रमुखाशी, विवाहासाठी एदोला गेली, तेव्हा तिचा प्रचंड लवाजमा याच मार्गाने गेला होता.

किसो खोऱ्यातील या गावांचे जगणे जंगलावर बेतलेले होते, पण जंगल त्यांच्या मालकीचे नव्हते. ओवारी संस्थानाने हिनोकीसह (जपानी सायप्रस) पाच जातींच्या वृक्षांची तोड गावकऱ्यांना मना केली होती आणि शिक्षा इतकी कडक होती की ‘एक झाड, एक मुंडके’ असे तिथे म्हटले जाई. त्सुमागोचे आजचे सर्वांत भव्य घर, वाकिहोन्जिन ओकुया, १८७७ साली उत्तम हिनोकी लाकडात उभे राहिले, ते ही बंदी उठल्यावरच. हे घर ऐश्वर्याइतकेच मोकळीकही दाखवते : पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाकडाला हात लावता आला नाही, ते अखेर घराच्या तुळयांत आणि खांबांत आले.

तोकुगावा राजवट संपून १८६८ साली सुरू झालेल्या मेइजी काळात ठाण्यांची जुनी व्यवस्था मोडीत निघाली. नंतर किसो नदीच्या काठाने रेल्वे आली, १९११ साली चुओ मार्ग पूर्ण झाला आणि त्सुमागो बाजूला पडले. वाहतुकीवर जगणाऱ्या गावाकडे वाहतूकच उरली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतील कारखान्यांनी तरुण माणसे ओढून घेतली. घरे रिकामी पडू लागली, छपरे खचली. त्सुमागो ज्यात मोडत होते ते आझुमा गाव १९६१ साली शेजारच्या गावांसह नागीसो या नगरात विलीन झाले; कारभाराच्या नकाशावर त्सुमागोचे वेगळे अस्तित्व उरलेले नव्हते. नव्या बांधकामाला पैसा नव्हता, म्हणून जुनी घरे टिकली. अनेक ऐतिहासिक वस्त्यांचा हाच इतिहास आहे. दारिद्र्य जे सांभाळून ठेवते ते सुबत्तेची पहिली झुळूक येताच पाडले जाते. त्सुमागोत ती झुळूक येण्याआधीच लोक एकत्र आले होते.

आरंभ : वस्तूंपासून वस्तीकडे

जतनाचे काम कोणत्याही आराखड्याने सुरू झाले नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यास गावकऱ्यांनी घराघरांतून जुनी अवजारे, भांडी आणि कागदपत्रे जमवायला सुरुवात केली. वाडवडिलांच्या वस्तू व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ नयेत, एवढाच प्रारंभीचा हेतू होता. १९६७ साली ओकुया हे घर स्थानिक इतिहासाचे संग्रहालय म्हणून खुले झाले आणि वस्तू मांडता मांडता प्रश्न मोठा झाला : या वस्तू ज्या घरांत वापरल्या जात ती घरे पडून गेली, तर संग्रहालय कशाचे?

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, मेइजी पर्वाची शताब्दी होती आणि नागानो प्रांताने त्या निमित्ताने त्सुमागोच्या जतनाचे काम हाती घेतले. वास्तुइतिहासाचे अभ्यासक ओता हिरोतारो यांचे मार्गदर्शन लाभले. त्याच वर्षी गावकऱ्यांनी ‘त्सुमागोवर प्रेम करणाऱ्यांचा संघ’ अशा अर्थाच्या नावाची संघटना स्थापन केली. सुमारे तीन वर्षांत तेराशिता या आळीतील २६ घरांची दुरुस्ती झाली.

तेराशिताची निवड विचार करण्याजोगी आहे. ही गावातील श्रीमंतांची आळी नव्हती. इथली घरे साधी, अरुंद दर्शनी बाजूची, रस्त्याला लागून एकमेकांना चिकटलेली होती. रूढ निकषांनी पाहिले तर त्यांतील क्वचितच एखादे घर स्वतंत्रपणे स्मारक ठरले असते. पण सलग उभी राहिल्यावर ती रस्त्याची एक पूर्ण बाजू होतात. वरच्या मजल्याची तुळई भिंतीबाहेर काढून केलेला पुढे झुकता सज्जा, त्याखाली जवळजवळ बसवलेल्या उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी, वर दगड ठेवून दाबलेली फळ्यांची छपरे, अशी एकाच लयीत बांधलेली. एक घर काढून तिथे काँक्रीटची इमारत उभी केली की शेजारची दहा घरे एकाकी दिसू लागतात. म्हणून प्रत्येक घरमालकाचा निर्णय साऱ्या आळीचा ठरतो, आणि पुढच्या सर्व नियमांचे मूळ या साध्या भौतिक वस्तुस्थितीत आहे.

या आळीतील कामि-सागाया नावाचे घर जवळून पाहण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेली ही गरीब प्रवाशांची सराई. अशा सराईत जेवण मिळत नसे. प्रवासी शिधा बरोबर आणत, सरपणाचे पैसे देत आणि स्वतः शिजवून खात. १९६९ साली हे घर भाग सुटे करून पुन्हा उभारण्यात आले. आत मातीची जमीन, तिच्याहून उंच लाकडी बैठक आणि चुलाणाची जागा, एवढेच आहे. सजावट नाही, कोरीव काम नाही. भव्य ओकुया आणि ही सराई एकाच निष्ठेने राखली गेली, आणि त्यामुळे गावातील कोणत्याही घराच्या वारसाला ‘हा इतिहास माझाही आहे’ असे म्हणता आले. केवळ श्रीमंतांची घरे जपली असती, तर उरलेल्यांच्या वाट्याला प्रेक्षकाची भूमिका आली असती.

तीन नकारांचा अर्थ

१९७० साली जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने देशांतर्गत पर्यटनाची मोठी प्रचार मोहीम सुरू केली आणि शहरी माणसे जुन्या जपानच्या शोधात खेड्यांकडे निघाली. नुकतेच दुरुस्त झालेले त्सुमागो त्यांच्या नजरेत भरले. जे गाव ओस पडण्याच्या बेतात होते तिथे आता गर्दी झाली, आणि गर्दीच्या मागोमाग बाहेरचे भांडवल येणार हे उघड होते. १९७१ची सनद याच टप्प्यावर आली.

‘विकायचे नाही’ हा नियम बाहेरच्या खरेदीदाराला दूर ठेवण्यासाठी होता. घराची मालकी गावाबाहेर गेली की त्या घराचा निर्णय गावाच्या बैठकीत होत नाही. ‘भाड्याने द्यायचे नाही’ हा नियम त्याहून सूक्ष्म आहे. मालकी गावात राहूनही दुकान बाहेरच्या माणसाने चालवले, तर मालक महिन्याच्या रकमेवर शहरात राहू शकतो आणि घरात रात्री दिवा लागत नाही. दर्शनी भाग अबाधित, पण वस्ती संपलेली, असा हा प्रकार पर्यटनाच्या गावांत फार आढळतो. ‘पाडायचे नाही’ हा तिसरा नियम वरकरणी सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण खरे तर तो पहिल्या दोहोंवर उभा आहे. जे घर आपले आहे आणि ज्यात आपण राहतो, तेच आपण सांभाळतो.

या सनदेमागे कायद्याचा दंड नव्हता. ती चालली ती शेजाऱ्यांच्या परस्पर विश्वासावर, आणि तो विश्वास अमूर्त राहू नये म्हणून गावाने रहिवाशांचीच एक नियंत्रण समिती नेमली. घराची दुरुस्ती करायची असो, दर्शनी रंग बदलायचा असो, पाटी लावायची असो की नवा व्यवसाय सुरू करायचा असो, अर्ज या समितीपुढे येतो आणि चर्चा होते. अर्जदार आणि निर्णय देणारे एकमेकांना लहानपणापासून ओळखतात. याचा जाच होतोच. शेजाऱ्याने आपल्या खिडकीविषयी मत द्यावे हे कोणालाही सहज रुचत नाही. पण दूरच्या कचेरीतील अधिकाऱ्याने कारण न देता नकार पाठवणे आणि शेजाऱ्याने समोर बसून कारण सांगणे, यांत मोठा फरक आहे. उद्या तोच शेजारी आपला अर्ज घेऊन याच समितीपुढे बसणार असतो, म्हणून त्याला न्यायाने वागावे लागते.

कायदा मागाहून आला, आणि हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७३ साली नागीसो नगराने त्सुमागोसाठी जतनाचा नियम केला. १९७५ साली जपानच्या १९५० च्या सांस्कृतिक संपदा संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन पारंपरिक वास्तुसमूहांचे जतनक्षेत्र ही नवी कायदेशीर संकल्पना आली. १९७६ साली पहिली सात क्षेत्रे निवडली गेली आणि त्यांत क्योतोतील गिओन शिन्बाशी, शिराकावा-गोमधील ओगिमाची यांच्याबरोबर त्सुमागोही होते. त्सुमागोच्या क्षेत्राचा विस्तार सुमारे १,२४५ हेक्टर ठरला. वस्तीचा रस्ता काही शे मीटरचा. उरलेले सारे क्षेत्र म्हणजे भोवतालचे डोंगर, शेते आणि जुनी पायवाट. रस्त्यावर उभे राहून दिसणारा डोंगरही गावाच्या रूपाचा भाग आहे, असे येथे मानले गेले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. कारण डोंगरावर मोठे हॉटेल उभे राहिले असते, तर खाली घरे जशीच्या तशी असूनही तो जुना रस्ता त्या हॉटेलचे अंगण झाला असता.

रोजच्या व्यवहारातले जतन

दिवसा पर्यटकांच्या वेळेत मुख्य रस्त्यावर मोटारींना मनाई आहे. विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा रस्त्यावरून हटवून घरांच्या मागील बाजूने नेल्या आहेत. दुकानाचा माल रस्त्यावर पसरायचा नाही, भडक पाट्या लावायच्या नाहीत. मोटारी गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबतात आणि तिथल्या शुल्काचा पैसा जतनाच्या कामाकडे वळवला जातो. पाहुण्याच्या गाडीमुळे जो त्रास होतो तिच्यातूनच दुरुस्तीचा खर्च निघावा, ही रचना मला अनुदानाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण अनुदान सरकारच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असते आणि हा पैसा गावाच्या हातात असतो.

या नियमांची किंमत रहिवासी रोज मोजतात. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, किराणा आणायचा, बर्फ काढायचे, हे सारे लाकडी, थंड, अंधाऱ्या घरांतून करायचे असते. जाळीमागची खोली हिवाळ्यात सुखावह नसते. बाहेरून जुने रूप राखून आत आजच्या सोयी करण्यास वाव दिला नसता, तर गावाचे केवळ संग्रहालय झाले असते. राहणाऱ्याला राहता येईल आणि रस्त्याचे रूप ढळणार नाही, अशी मर्यादा कुठे आखायची, हा वाद कायमचा मिटत नाही. तो प्रत्येक अर्जाबरोबर नव्याने होतो.

आणि आग. लाकडाच्या सलग वस्तीला सर्वांत मोठे भय तिचेच. खिंडीपलीकडचे शेजारचे ठाणे मागोमे १८९५ आणि १९१५ साली आगीत भस्मसात झाले. तिथे आज दिसणारा चढणीचा देखणा रस्ता पुढे नव्याने उभारलेला आहे. मागोमे ते त्सुमागो ही सुमारे आठ किलोमीटरची पायवाट आज देशोदेशींचे पदयात्री चालतात. वाटेत खिंडीजवळ एक जुने घर आहे, तिथे स्वयंसेवक चालणाऱ्यांना विनामूल्य चहा देतात. गावाची ओळख परक्या माणसापर्यंत पोहोचते ती फलकांपेक्षा अशा ठिकाणी अधिक.

ओळख कशी घडली

त्सुमागोत दरवर्षी २३ नोव्हेंबरला मिरवणूक निघते. गावकरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या वेशात, सामुराई, भिक्षू, यात्रेकरू, नवरी आणि हमाल होऊन जुन्या रस्त्याने चालतात. ही प्रथा प्राचीन नाही. १९६८ साली, जतनाच्या कामाबरोबरच ती सुरू झाली. यावरून कोणी तिला कृत्रिम म्हणेल. मला ते पटत नाही. परंपरा कधीतरी कोणीतरी सुरू केलेलीच असते, आणि ही ज्यांनी सुरू केली ते स्वतःच तिच्यात चालतात. मुलाने यंदा कोणाचा वेश घ्यावा हे ठरवताना घरात जुन्या रस्त्याविषयी बोलणे होते, आणि हमालाचे काम काय असे हे त्याला पुस्तकाआधी आजोबांकडून कळते.

१९९५ साली होन्जिन जुन्या आराखड्याच्या आधारे पुन्हा बांधले गेले, त्याविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. मूळ घर मेइजी काळातच नाहीसे झाले होते. त्याच्या जागी हुबेहूब नवे घर बांधल्याने रस्त्याची रचना समजायला मदत होते, हे खरे. पण जपलेले आणि नव्याने बांधलेले यांतील भेद पाहणाऱ्याला स्पष्ट दिसला पाहिजे, नाहीतर तेराशितातील साध्या घरांनी दीडदोनशे वर्षे जे सोसले त्याचे मोल कमी होते. गावाने होन्जिनच्या पुनर्बांधणीचे वर्ष लपवले नाही, ही बाब त्याच्या प्रामाणिकपणाची आहे.

ओळख बळकट झाली म्हणजे काय झाले, हेही नेमके सांगायला हवे. ज्या गावातून माणसे काहीच उरले नाही म्हणून निघून गेली होती, त्या गावातील लोक घराच्या तुळईविषयी, जाळीविषयी, रस्त्याच्या काटकोनी वळणाविषयी जाणकारीने बोलू लागले. हे वळण शत्रूचा वेग रोखण्यासाठी आखले होते, हे तिथे राहणाऱ्या माणसाला ठाऊक असते, कारण त्या वळणाच्या रुंदीविषयी तो बैठकीत बोललेला असतो. कारभाराच्या नकाशावरून पुसले गेलेले नाव जतनामुळे देशभर माहीत झाले. पर्यटकांची संख्या हा त्याचा परिणाम आहे. ओळखीचे मोजमाप म्हणून ती मला अपुरी वाटते.

आजची कोंडी

नागीसो नगराची लोकसंख्या आज सुमारे ४,००० उरली आहे आणि तीत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. जतनामुळे उपजीविका आली, पण ती मुख्यतः खानावळी, मुक्कामघरे आणि वस्तूंची दुकाने यांतून. या कामांना सर्वच तरुण येत नाहीत. ज्या पिढीने सनद केली तिची मुले शहरांत स्थिरावली आणि घर वारशाने आले, तरी त्यात राहायला कोणी येत नाही, ही जपानमधील अनेक खेड्यांची स्थिती इथेही आहे. लाकडी छपरे आणि फळ्यांची कामे जाणणारे सुतारही दिवसेंदिवस कमी होत आहेत.

इथे तीन नकार एकमेकांशी भांडू लागतात. रिकामे लाकडी घर काही हिवाळ्यांत कुजते : छपरातून पाणी शिरते, तुळई सडते, आणि अखेर ते आपोआप पडते. म्हणजे ‘पाडायचे नाही’ हा तिसरा नियम पाळायचा, तर कुठेतरी ‘भाड्याने द्यायचे नाही’ हा दुसरा नियम सैल करावा लागेल. शहरातून आलेल्या एखाद्या कुटुंबाला घर भाड्याने द्यावे आणि त्यांनी तिथेच राहावे, मुलांना तिथल्याच शाळेत घालावे, समितीच्या बैठकीला बसावे, असे झाले तर नियमाचा शब्द मोडतो पण हेतू राखला जातो. उलट घर गावातल्याच माणसाच्या नावावर राहिले आणि त्याचे दार वर्षभर बंद राहिले, तर शब्द राखला जातो आणि हेतू मोडतो.

माझ्या मते पहिल्या वाटेने जायला हवे. पण ती वाट अटी घालूनच खुली करावी लागेल : भाडेकरूने घरात प्रत्यक्ष राहावे, दुकानापुरते येऊन जाऊ नये, आणि भाडेकरार समितीच्या संमतीनेच व्हावा. या अटी कोणत्याही राष्ट्रीय कायद्यात लिहून चालणार नाहीत, कारण कोणत्या कुटुंबाला गावात राहायचे आहे आणि कोणाला केवळ रस्त्यावरचे दुकान हवे आहे, हे नागानोच्या प्रांतिक कचेरीत बसून ओळखता येत नाही. ते त्सुमागोच्या त्याच समितीला, अर्जदाराशी समोरासमोर बोलून ओळखता येईल, आणि तिच्या खुर्च्या भरायला पुरेसे लोक गावात उरले असतील तेवढ्याच काळापर्यंत.